वाचकांचे प्रश्न : परत आलेली नणंद

प्रश्न : आम्ही यवतमाळ जिल्ह्यातील एका खेड्यात राहतो. तीन वर्षांपूर्वी दूरच्या नात्यातल्या एका बाईने माझ्या नणंदेचे स्थळ परराज्यात जुळवले. हुंडा नको, लग्नाचा खर्चही तेच करणार, म्हणून सासऱ्यांनी होकार दिला. प्रत्यक्षात त्या बाईने पैसे घेऊन तिला विकले होते. तिथे तिला बाहेरून कडी लावून कोंडून ठेवत. आता ती परत आली आहे. कापूस वेचायला येते, पण रात्री दाराला वरवंटा लावून बसून राहते आणि ताट वाढले तरी ‘खाऊ का?’ असे विचारते. बोभाटा होण्याआधी एखादा बिजवर पाहून तिला उजवून टाकावे, असे घरचे म्हणतात. काय करावे?
— एक वहिनी

उत्तर : ताई, वरवंटा तिला खुशाल लावू द्या, आतून दार बंद करता येणे हाच तूर्त तिचा आधार आहे. झोप न लागणे, दचकणे, स्वतःलाच दोष देत राहणे हे अशा छळातून सुटलेल्या स्त्रियांमध्ये नेहमी आढळते. ते वेड नव्हे आणि बाहेरचे तर नाहीच, तेव्हा अंगारे-धुपारे नकोत. ग्रामीण रुग्णालयात तिची तपासणी करून घ्या, कारण अंगावर काढलेली दुखणी आणि संसर्ग अशा बायका सहसा सांगत नाहीत. मनाच्या त्रासासाठी 14416 या टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य सेवेच्या क्रमांकावर मोफत बोलता येते.

मला मात्र ‘खाऊ का?’ हा प्रश्न वरवंट्याहून बोलका वाटतो. जिचे जेवणे-निजणेसुद्धा इतकी वर्षे दुसऱ्याच्या मर्जीवर चालले, तिला स्वतःची इच्छा सांगण्याची सवयच उरत नाही. म्हणून भाकरीची टोपली तिच्यापुढे सरकवा आणि वेचणीची मजुरी तिच्याच हातात पडू द्या. लग्नाची घाई नको, तीही याचसाठी. तिला न विचारता दुसऱ्या घरी धाडले, तर त्यात आणि पहिल्या सौद्यात तिला काय फरक दिसणार?

लग्न रीतसर लागले, मुलगी राजी होती, असे ती मध्यस्थ बाई म्हणेल. परंतु शोषणासाठी फसवून नेलेल्या स्त्रीची संमती कायदा ग्राह्य धरत नाही. 1 जुलै 2024 पूर्वीच्या कृत्यांना जुन्या दंड संहितेचे मानवी तस्करीचे कलम 370 लागते, त्यानंतरच्यांना भारतीय न्याय संहितेचे कलम 143. गुन्हा परराज्यात घडला असला तरी तुमच्या ठाण्यात तक्रार घेतली गेली पाहिजे. ती द्यायची की नाही, हे मात्र नणंदच ठरवील. तालुक्याच्या न्यायालयातील विधी सेवा समिती तिला मोफत वकील देते. तिथे तिच्यासोबत तुम्ही जा. होकार दिल्याचा सल सासऱ्यांनाही असेल, त्यांच्यासमोर तिला मोकळेपणाने बोलता येणार नाही.