आजोबांची पद्मिनी घरच्या घरी इलेक्ट्रिक करता येईल का? खर्च किती येतो आणि आरटीओ पास करेल का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: १९८४ ची प्रीमियर पद्मिनी कोपरखैरण्यात सोसायटीच्या पार्किंगमध्ये उभी आहे, इंजिन जाम आहे. शनिवार-रविवारी स्वतः काम करून ती बॅटरीवर करायची आणि मग रोज वागळे इस्टेटला ऑफिसला घेऊन जायची. सरळ सांगतो, गाडी बॅटरीवर करणं जमेल. पण घरी केलेली गाडी ठाणे-बेलापूर रोडवर कायदेशीरपणे चालवणं जमणार नाही. या दोन वेगळ्या गोष्टी आहेत आणि यूट्यूबवर त्या एकच असल्यासारख्या दाखवतात.

मी तुर्भ्याला कंट्रोल पॅनल बनवणाऱ्या कारखान्यात वायरिंग बघतो. आमच्या शेठच्या पद्मिनीचं हे काम आम्ही कारखान्याच्या मागच्या शेडमध्ये केलंय. ती गाडी मुरबाडला त्यांच्या वाडीत फिरते, खासगी जागेत. तिथे नेली तीसुद्धा टोइंगच्या गाडीवर चढवून. त्यामुळे मशिनरीचं मी हात काळे करून सांगतोय आणि कागदांचं का टाळलं तेही माहीत आहे.

आधी कागद. मोटार वाहन कायदा १९८८, कलम ५२. आरसीवर जे लिहिलंय त्यात फरक पडेल असा बदल मालकाला परस्पर करता येत नाही. त्याच कलमात सीएनजी, एलपीजी, बॅटरी यांच्या किटला वाट ठेवली आहे, पण ठरवलेल्या अटींवर. इलेक्ट्रिकसाठी त्या अटी एआयएस-१२३ या मानकाच्या तिसऱ्या भागात येतात. किट पुण्याच्या एआरएआयसारख्या संस्थेत तपासून मंजूर झालेलं हवं, ते ज्या गाड्यांसाठी मंजूर आहे त्यांच्यातच बसवायचं, बसवणारा किटवाल्याने नेमलेला हवा, आणि त्यानंतर आरसीवर इंधनाची नोंद बदलून घ्यायची. तुम्ही बाजारातून मोटर, तिचा करंट सांभाळणारा कंट्रोलर आणि बॅटरीचे सेल वेगवेगळे आणून जोडलेत, तर ते कितीही सुबक असलं तरी मंजूर किट होत नाही. २०१९ च्या दुरुस्तीनंतर बेकायदा बदलाला प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही, असं कलम १८२ए मध्ये आहे. दंडापेक्षा मला विम्याची भीती जास्त वाटते. आरसीवर पेट्रोल आणि बॉनेटखाली मोटर अशी गाडी ऐरोलीच्या सिग्नलला कुणाला लागली, तर विमा कंपनी क्लेम कशाला देईल?

म्हणून कुठल्याही किटवाल्याकडे गेलात की पहिली मागणी मंजुरीच्या सर्टिफिकेटची करा आणि त्यात तुमच्या मॉडेलचं नाव शोधा. ‘पासिंगचं आम्ही बघतो, तुम्ही टेन्शन घेऊ नका’ असं जो म्हणेल त्याच्या चहाचे पैसे देऊन उठा. असा एक आमच्याकडेही येऊन गेला. सर्टिफिकेट मागितल्यावर तीनचाकीचं काढून दाखवत होता.

अजून एक. ५० वर्षं पूर्ण झालेल्या आणि मूळ रूपात ठेवलेल्या गाड्यांना २०२१ पासून व्हिंटेज म्हणून वेगळी नोंदणी मिळते, नंबरात ‘व्हीए’ अक्षरं येतात. तुमची गाडी २०३४ मध्ये तिथे पोचेल. इंजिन बदललंत की तो दरवाजा बंद. व्हिंटेज गाडी रोज ऑफिसला न्यायची परवानगी नसते हे खरं, पण आजोबांची गाडी म्हणून जपायची असेल तर याचा विचार आज करा.

आता पैसे. शेठच्या गाडीला पत्रा आणि रंग सोडून सहा लाखांच्या वर गेले, त्यातले निम्म्याच्या आसपास एकट्या बॅटरीचे, आणि मजुरी घरचीच होती. आता हिशेब करा. पद्मिनी शहरात लिटरला दहा-बारा किलोमीटर देते. पेट्रोल शंभरच्या वर, म्हणजे किलोमीटरला नऊ-दहा रुपये. बॅटरीवर चार्जिंगमधली गळती धरून दोन रुपयांच्या आत बसतं. वर्षाला दहा-बारा हजार किलोमीटर चालवलीत तरी पैसे वसूल व्हायला सात-आठ वर्षं लागतील, आणि तेवढ्याच पैशात सेकंडहँड इलेक्ट्रिक गाडी एसीसकट मिळते. पैसे वाचवायला हे करू नका. हौस म्हणून करायचं असेल तर पुढे वाचा.

पहिला खर्च मोटरवर करू नका, पत्र्यावर करा. खाडीची हवा आणि आपला पावसाळा, यात इतकी वर्षं उभ्या असलेल्या गाडीचा फ्लोअर शाबूत असणं कठीण. मॅट उचला, जाड स्क्रू ड्रायव्हर घ्या आणि दरवाज्याखालचा पट्टा, पुढच्या सीटखालचा पत्रा आणि मागे पाट्यांचे (पट्ट्यांच्या स्प्रिंगचे) हँगर जिथे बसतात ती जागा टोचून बघा. स्क्रू ड्रायव्हर आरपार गेला तर तिथे पुट्टी भरणारा नको, पत्रा कापून नवा वेल्ड करणारा डेंटर हवा. पद्मिनीला वेगळी चासी नसते, बॉडी हीच चासी. गंजलेल्या बॉडीत शंभर-सव्वाशे किलोचे सेल ठेवले तर पहिल्या मोठ्या खड्ड्यात काय होईल ते सांगायला नको.

दुसरा खर्च ब्रेकचा. चारही चाकांना ड्रम, आणि आमच्या गाडीत तर सर्वोही (इंजिनच्या व्हॅक्यूमवर ब्रेकला जोर देणारा भाग) नव्हता. यात इलेक्ट्रिकवाल्यांचा एक फायदा आहे, इंजिनचं व्हॅक्यूम गेलं म्हणून वेगळा पंप बसवावा लागत नाही. पण व्हील सिलिंडर, मास्टर सिलिंडर, लायनर आणि पाइप सगळं नवं घाला. कुर्ल्यात अजून मिळतं, मात्र पूर्वीसारखं नाही. पद्मिनीचे पार्ट टॅक्सीवाल्यांच्या जिवावर बाजारात होते आणि मुंबईतली शेवटची पद्मिनी टॅक्सी ऑक्टोबर २०२३ मध्ये बंद झाली. आज मिळतंय ते आजच घेऊन ठेवा.

मोटर जोडताना गिअरबॉक्स काढू नका. मूळ १०८९ सीसीचं इंजिन चाळीस हॉर्सपॉवरच्या घरातलं, म्हणजे साधारण ३० किलोवॉट. पण सतत लागणारी ताकद बरीच कमी असते. सपाट रस्त्यावर साठच्या स्पीडला आठ-दहा किलोवॉट पुरेत. त्यामुळे सतत १०-१५ आणि थोडा वेळ ३० किलोवॉट देणारी मोटर भरपूर झाली. मोटरला जागेवरूनच पूर्ण टॉर्क मिळतो, म्हणून गावात सेकंड गिअरवरच गाडी उठते. स्टेअरिंगवरचा गिअर फार हलवावा लागत नाही, पण गायमुखच्या चढाला तो हाताशी असलेला बरा.

खरी कसोटी कपलिंगची. जुन्या क्लच प्लेटचा मधला दातेवाला भाग कापून घ्यायचा आणि तो मोटरच्या शाफ्टवर बसणाऱ्या बुशला जोडायचा, म्हणजे गिअरबॉक्सचे दाते नव्याने कापावे लागत नाहीत. मोटर आणि बेल हाउसिंगच्या (गिअरबॉक्सच्या पुढच्या आवरणाच्या) मधली प्लेट मात्र चांगल्या टर्नरकडूनच करून घ्या. वागळे आणि रबाळ्याच्या गाळ्यांमध्ये असे हात अजून आहेत. जोडल्यावर डायल गेज (बारीक हालचाल मोजणारं काट्याचं मीटर) लावून शाफ्ट हाताने फिरवायचा. आमच्या टर्नरने ०.०५ मिलिमीटरच्या वर काटा हलला की ‘उतरवा’ एवढंच म्हणायचं, आणि आम्ही उतरवायचो. तिथे कंटाळा केलात तर गिअरबॉक्सचं पुढचं बेअरिंग ओरडायला लागतं.

बॅटरी एलएफपीचीच (लिथियम आयर्न फॉस्फेट) घ्या, दुसऱ्या रसायनाच्या मोहात पडू नका. ही लवकर पेट घेत नाही आणि आपल्या उन्हात जास्त टिकते. शेठच्या गाडीत २८० ॲम्पिअर-अवरचे २४ सेल आहेत. प्रत्येकी ३.२ व्होल्ट, म्हणजे ७७ व्होल्टच्या आसपास आणि साडेएकवीस युनिटची साठवण. एक सेल साडेपाच किलोच्या आसपास, म्हणजे नुसते सेल १३० किलो. किलोमीटरला १५० वॉट-अवर धरले आणि टाकीचा तळ गाठायचा नाही असं ठरवलं, तर शंभर-सव्वाशे किलोमीटर आरामात. तुमचं जाणं-येणं तीस-पस्तीसच्या पुढे नसेल. सगळे सेल डिकीत कोंबू नका, मागचे पाटे बसतात आणि पुढची चाकं हलकी होऊन स्टेअरिंग तरंगतं. निम्मे इंजिनच्या जागी, निम्मे पेट्रोलच्या टाकीच्या जागी.

या सेलची एक खोड आहे. अर्धे रिकामे असोत की पाऊण भरलेले, व्होल्टेज जवळपास तेच दाखवतात. त्यामुळे व्होल्टमीटर बघून किती चार्ज उरलाय ते कळत नाही. किती करंट आत गेला, किती बाहेर आला हे मोजणारा शंट बसवावा लागतो. आणि पॅक बांधण्याआधी सगळे सेल समांतर जोडून ३.६५ व्होल्टपर्यंत सावकाश भरून एका पातळीवर आणा. हे काम कंटाळवाणं आहे, दिवसचे दिवस जातात, पण हे टाळलं तर पुढे बीएमएस (प्रत्येक सेलवर लक्ष ठेवणारा सर्किट बोर्ड) एका कमजोर सेलसाठी अख्खी गाडी बंद पाडत राहतो.

माझा खरा विषय आता आला, म्हणून थोडं जास्त लिहितो. ‘७७ व्होल्ट म्हणजे काही नाही, घरात २३० असतं’ असं म्हणणारे भेटतील. घरची एसी लाइन सेकंदाला शंभर वेळा शून्यावर येते, म्हणून स्विच उघडला की ठिणगी विझते. डीसी शून्यावर येतच नाही. भर करंट चालू असताना साधा एसीचा एमसीबी उघडला तर आतला आर्क जळतच राहतो, प्लास्टिक वितळेपर्यंत. म्हणून फ्यूज, कॉन्टॅक्टर (विजेने ओढला जाणारा मोठा स्विच), मेन स्विच सगळं डीसी रेटिंगचंच, आणि फ्यूज बॅटरीच्या अगदी टर्मिनलजवळ. कंट्रोलरच्या आत मोठे कपॅसिटर असतात. मेन कॉन्टॅक्टर एकदम मारला तर ते एका झटक्यात भरतात आणि कॉन्टॅक्टरचे पॉइंट चिकटून बसतात. आधी रेझिस्टरमधून हळू भरून मग कॉन्टॅक्टर ओढायचा. बंद केल्यावरही ते काही वेळ भरलेले राहतात, तेव्हा मीटर लावून बघितल्याशिवाय हात घालायचा नाही. अंगठी आणि कडं काढून ठेवायचं, पान्याच्या दांड्याला टेप गुंडाळायची. केबल किमान ५० स्क्वेअर एमएमची, लग (केबलच्या टोकाला बसणारा धातूचा तुकडा) हायड्रॉलिक क्रिंपरनेच दाबलेला, आणि प्रत्येक बोल्ट टॉर्क पान्याने आवळल्यावर त्यावर रंगाची एक रेघ मारायची. महिन्याभराने बॉनेट उघडलं की रेघ तुटलेली दिसते, तो बोल्ट सैल झालेला असतो.

मोटरचा ब्रेक, म्हणजे रिजनरेशन, सुरुवातीला अगदी कमी ठेवा. पद्मिनीची ओढ मागच्या चाकांवर आहे, पहिल्या पावसाच्या चिकट रस्त्यावर मागचीच चाकं अडली तर गाडी फिरते. शिवाय बॅटरी पूर्ण भरलेली असताना रिजनरेशन मिळत नाही. म्हणजे येऊरला राहणाऱ्याने रात्रभर चार्ज करून सकाळी उतार धरला, तर त्याच्याकडे फक्त ड्रम ब्रेक आहेत.

इंजिनबरोबर डायनॅमो गेला की हेडलाइट, वायपर, हॉर्नसाठी बारा व्होल्ट देणारा कन्व्हर्टर लागतो. छोटी बारा व्होल्टची बॅटरी तरीही ठेवाच.

सोसायटीबद्दल विचारलंय. महावितरणकडून चार्जिंगसाठी वेगळा मीटर घेता येतो, साध्या १५ ॲम्पिअरच्या सॉकेटवर एवढी बॅटरी रात्रभरात भरते. पण सेल जोडण्याचं काम सोसायटीच्या पार्किंगमध्ये किंवा फ्लॅटमध्ये करू नका, कमिटीने होकार दिला तरी. एखादा गाळा महिन्याने भाड्याने घ्या, त्यात आग विझवायचं साहित्य आणि कुणीतरी दुसरा माणूस हवा.

तुमच्या जागी मी असतो तर पत्रा, ब्रेक, जुनी वायरिंग हे सगळं घरी केलं असतं, कारण ते कायद्याच्या आत आहे आणि गाडीला तेच सगळ्यात जास्त हवंय. तोवर पद्मिनीसाठी मंजूर किट मिळतं का ते लेखी विचारून ठेवलं असतं. नाहीच मिळालं तर इंजिन बोअर करून पेट्रोलवर चालू करा, इलेक्ट्रिकच्या तुलनेत तो किरकोळ खर्च आहे. आणि काही झालं तरी मूळ इंजिन भंगारात घालू नका. त्याचा नंबर आरसीवर आहे.

गाडीच्या फ्लोअरचे आणि मागच्या हँगरचे फोटो टाकलेत तर पत्र्याचं किती काम निघेल ते बघून सांगतो.