दोन इंची नळीच्या रिव्हॉल्व्हरने ५० ते १०० मीटरवर अचूक नेम लागू शकतो का?

लागू शकतो. आखूड नळीमुळे गोळी मुळातच वेडीवाकडी जाते, हा समज मात्र आधी मनातून काढायला हवा. रिव्हॉल्व्हर यांत्रिक पकडीत घट्ट बसवून झाडले, तर दोन इंची आणि सहा इंची नळीच्या गोळ्या लक्ष्यावर एकमेकींच्या किती जवळ पडतात, यात सहसा फारसा फरक दिसत नाही. फरक पडतो तो हत्यार माणसाच्या हातात आल्यावर.

याचे मुख्य कारण म्हणजे पुढची साइट (नळीच्या टोकावरची नेम धरण्याची उंच खूण) आणि मागची खाच यांतले अंतर. छोट्या रिव्हॉल्व्हरवर ते जेमतेम १० सेंटीमीटर भरते. पुढची साइट खाचेत अर्धा मिलिमीटर जरी डावीकडे सरकली, तरी ५० मीटरवर गोळी २५ सेंटीमीटर डावीकडे लागते. सहा इंची नळीवर हीच चूक साधारण निम्म्यावर येते. म्हणूनच लक्ष्य धूसर दिसले तरी चालेल, पण नजर पुढच्या साइटवरच स्थिर हवी आणि तिच्या दोन्ही बाजूंना खाचेतला उजेड सारखा दिसला पाहिजे. हात थोडा हलणारच, आणि त्याने होणारे नुकसान साइटच्या तिरकेपणाने होणाऱ्या नुकसानापेक्षा बरेच कमी असते.

दुसरी अडचण ट्रिगरची. डबल अॅक्शनमध्ये, म्हणजे ट्रिगरच्या एकाच ओढीने हॅमर (मागचा घोडा) चढून सुटतो तेव्हा, तो ओढायला बहुधा पाच किलोच्या आसपास जोर लागतो आणि हत्याराचे स्वतःचे वजन अर्धा किलोच्या आगेमागे असते, त्यामुळे बोटाचा जोर नळीला सहज बाजूला खेचतो. हॅमर बाहेर असेल, तर लांबच्या नेमासाठी तो आधी अंगठ्याने चढवून सिंगल अॅक्शनने, म्हणजे ट्रिगरने फक्त हॅमर सोडून, झाडावे. तरीही डबल अॅक्शनचा रिकामा (काडतुसांशिवायचा) सराव सोडू नये, असे माझे मत आहे. संथ आणि अखंड दाब कसा द्यायचा हे बोटाला तिथेच कळते. असा सराव करण्यापूर्वी सिलिंडर (काडतुसांचे फिरते नळकांडे) उघडून सर्व कप्पे रिकामे असल्याची खात्री करावी आणि काडतुसे दुसऱ्या खोलीत ठेवावीत.

आता गोळीच्या उताराविषयी. .३८ स्पेशल या काडतुसाची १५८ ग्रेनची (सुमारे १० ग्रॅमची) गोळी या नळीतून सेकंदाला साधारण २२० ते २३० मीटर वेगाने निघते. नेम २५ मीटरवर जुळवलेला असेल, तर १०० मीटरवर ती सुमारे पाऊण मीटर खाली लागते. लक्ष्याच्या वर रिकाम्या जागी अंदाजाने नेम धरण्यापेक्षा अमेरिकन नेमबाज एल्मर कीथ यांनी लोकप्रिय केलेली पद्धत मला अधिक भरवशाची वाटते: पुढची साइट मागच्या खाचेच्या कडेपेक्षा किंचित वर उचलायची आणि लक्ष्य तिच्या माथ्यावर टेकवायचे. कीथ यांनी तर त्यासाठी पुढच्या साइटवर सोन्याच्या आडव्या रेघा बसवून घेतल्या होत्या. छोट्या रिव्हॉल्व्हरवर ही उचल १०० मीटरसाठी एक मिलिमीटरसुद्धा नसते, त्यामुळे डोळ्याला ती खूण ओळखीची होईपर्यंत एकाच प्रकारची काडतुसे वापरावीत. हलकी किंवा जड गोळी घेतली, तर जवळचा नेमसुद्धा वरखाली होतो, कारण गोळी नळीतून बाहेर पडण्यापूर्वीच धक्क्याने हत्यार उचलले जाऊ लागते. पकड प्रत्येक वेळी तितकीच घट्ट आणि त्याच जागी ठेवण्याचे कारणही हेच.

टेकू घेण्यात कमीपणा नाही. मनगटाखाली वाळूची पिशवी ठेवावी. पण सिलिंडर आणि नळी यांमधल्या फटीतून गरम वायू जोराने बाजूला फेकला जातो, म्हणून आधार देणाऱ्या हाताची बोटे तिथवर कधीही जाऊ देऊ नयेत.

सुरुवात १५ मीटरवर करावी आणि तिथे पाचही गोळ्या तळहाताएवढ्या जागेत पडू लागल्यावर अंतर वाढवावे. १०० मीटरचा सराव अधिकृत रेंजवर आणि मागे मातीचा उंच बांध असेल तिथेच करावा, कारण नेम उंच धरल्यावर चुकलेली गोळी एक किलोमीटरच्याही पुढे जाऊ शकते.