‘अंगक’, ‘केंद्रक’ आणि शेवटचा ‘क’

प्रश्न असा आला आहे: मुलीच्या विज्ञानाच्या पुस्तकात ‘पेशीअंगके’ लिहिलंय आणि शिकवणीच्या टिपणांत ‘पेशीचे अवयव’. दोन्ही चालेल ना?

नाही चालणार. अवयव म्हणजे यकृत, हृदय, मूत्रपिंड. वेगवेगळ्या ऊती मिळून झालेला, असंख्य पेशींचा. तो पेशीच्या आत कसा मावेल? मूळ शब्द ऑर्गनेल, म्हणजे चिमुकला ऑर्गन. तो चिमुकलेपणा मराठीनं ‘क’ लावून आणला. टिपणांतल्या ‘अवयव’वर काट मारा.

पण हा ‘क’ फक्त लहानपणा सांगतो असं सगळे म्हणतात, ते मला पटत नाही. थोडं किंवा आखूड दाखवायला ‘क’ लावा, असं सांगणारी ‘अल्पे’ आणि ‘ह्रस्वे’ ही सूत्रं पाणिनीनं दिली आहेत, हे खरं. त्यांच्या मागोमाग ‘इवे प्रतिकृतौ’ हेही दिलं आहे. अश्व म्हणजे घोडा. अश्वक म्हणजे घोड्यासारखी केलेली प्रतिकृती. अंगकातला ‘क’ या अश्वकातला आहे, असं माझं ठाम मत आहे. पेशीत सगळंच लहान, मग लहानपणा मुद्दाम काय सांगायचा? अंग नसून अंगासारखं वागणं, हे सांगण्यासारखं आहे. तंतुकणिका (मायटोकॉन्ड्रिया) हे अंगक बघा. बाहेरचं पटल गुळगुळीत, आतल्या पटलाच्या घड्यांवर घड्या, आणि त्या घड्यांवर एटीपी हे पेशीला ऊर्जा पुरवणारं रसायन तयार होतं. नेमून दिलेली रचना, नेमून दिलेलं काम. (तिचं नावही किती नेमकं! १८९८ साली कार्ल बेंडा यांनी ग्रीकमधला ‘मायटोस’ म्हणजे दोरा आणि ‘खोंड्रिऑन’ म्हणजे दाणा जोडून ते केलं. आपण अक्षरशः तेच केलं: तंतू आणि कणिका.)

खरी चीड मला येते ती ‘केंद्रका’चा, म्हणजे पेशीतल्या न्यूक्लिअसच्या मराठी नावाचा, ‘क’ गाळणाऱ्यांची. ‘पेशीचं केंद्र’, ‘पेशीकेंद्र’ हे इतक्या वेळा कानावर येतं की आता लिहिल्याशिवाय राहवत नाही. केंद्र म्हणजे मधोमध. केंद्रक मधोमध असेलच असं नाही. वाढलेल्या वनस्पतीपेशीत मोठी रिक्तिका, म्हणजे द्रवानं भरलेली पिशवी, त्याला कडेला रेटते. आपल्या हातापायांच्या स्नायूंच्या एकेका तंतूत तर कितीतरी केंद्रकं असतात आणि ती कडेला, पटलाच्या लगत असतात. वर्तुळाला केंद्र एकच असतं.

आणि ‘केंद्र’ हा शब्द तरी कुठला? इंग्रजी शब्द नको, शुद्ध संस्कृत हवा म्हणून ‘न्यूक्लिअस’ला नाकं मुरडणाऱ्यांनी हे जरूर वाचावं. केंद्र ग्रीक आहे. ‘केंत्रॉन’ म्हणजे टोचायचं अणकुचीदार टोक, आपली पराणी! कंपासचं जे टोक कागदात रुतवून आपण वर्तुळ काढतो, तेच हे. ग्रीकांच्या ज्योतिषाबरोबर हा शब्द इकडे आला. पत्रिकेत पहिलं, चौथं, सातवं आणि दहावं स्थान ही ‘केंद्रं’, आणि सातव्याचं ‘जामित्र’ हे नाव ग्रीक ‘डायमेट्रॉन’वरून. ‘होरा’ही तिकडचाच. दोन हजार वर्षं होत आली, तो शब्द आपला झाला, मला त्याचा आनंदच आहे. फक्त शुद्धतेची तलवार उपसण्याआधी एवढं माहीत असावं.

रॉबर्ट ब्राउन यांनी १८३१ मध्ये ऑर्किडच्या पेशींत केंद्रकाचा गोल ठिपका पाहून त्याला न्यूक्लिअस म्हटलं. लॅटिनमध्ये त्याचा अर्थ आठळीच्या आतला गर. ‘मध्य’ त्यात कुठेच नाही! फ्रेंच जीवशास्त्रज्ञ शातों यांनी १९२५ मध्ये पेशीत केंद्रक असलेल्या जीवांसाठी ‘युकॅरिओट’ हा शब्द आणला, त्यातलं ‘कॅरिऑन’ही कठीण कवचाचं फळच.

याच युकॅरिओटसाठी पाठ्यपुस्तकांत असलेला ‘दृश्यकेंद्रकी’ मला खटकतो. दृश्य म्हटलं की जिवाणूंत अदृश्य केंद्रक आहे, असं मुलांना वाटतं. तिथे केंद्रक नाहीच. डीएनए पटलाविना पेशीद्रव्यातच असतो. ‘सुकेंद्रकी’ म्हणा. युकॅरिओटमधला ग्रीक ‘यू’ (चांगला) आणि आपला ‘सु’ एकाच मुळातून फुटलेले आहेत.