कुंपणातलं हॉथॉर्न कुंडीत

प्रश्न : इंग्लंडमधल्या मित्राच्या शेताच्या कुंपणातून मे महिन्यात जुनं हॉथॉर्न (कुंपणाला लावतात ते काटेरी झाड) खणून आणलं. आठवड्यात पानं कोमेजली. बोन्साय होईल का?

उत्तर : वेळ चुकली. भर पालवीत पानं पाणी मागतात, तुटलेली मुळं ते पुरवू शकत नाहीत. नखानं साल खरवडून बघा. आत हिरवं असेल तर फेकू नका, सावलीत ठेवा.

पुढचं झाड फेब्रुवारी-मार्चमध्ये, पानांच्या कळ्या फुगल्यावर पण उघडायच्या आत काढा. जमीनमालकाची परवानगी हवीच. तिथल्या १९८१च्या वन्यजीव कायद्यानं परवानगीशिवाय रानझाड उपटणं गुन्हा आहे. जाड मुळं करवतीनं कापा, खोडालगतची तंतुमुळं मात्र जपा. (हातमोजे घाला, काटे बोरीलाही लाजवतील.) ३ ते ६ मिलिमीटरच्या प्युमिसमध्ये (ज्वालामुखीच्या हलक्या, सच्छिद्र खड्यांमध्ये) लावून खोड कुंडीला तारेनं घट्ट बांधा, ते हललं की कोवळी मुळं तुटतात. पहिल्या पालवीला भुलू नका, ती खोडातल्या अन्नसाठ्यावर फुटते. दोन वर्षं मुळांना हात लावू नका.