डॅक नंतर, आधी हेडफोन: वाचकांचे प्रश्न

मागच्या अंकात वायरवाल्या हेडफोनबद्दल लिहिलं आणि तेव्हापासून डोंगल, डॅक, पोर्टेबल अ‍ॅम्प यांच्यावरच प्रश्न येतायत. सगळे छापणं शक्य नाही, म्हणून पुन्हा पुन्हा आलेले घेतलेत. नव्या वाचकांसाठी एवढंच सांगते की डॅक म्हणजे फाइलमधल्या आकड्यांचा विजेचा सिग्नल करणारी चिप, आणि अ‍ॅम्प म्हणजे तो सिग्नल हेडफोनचा पडदा हलवण्याइतका दमदार करणारा भाग. आधी हे दोन्ही फोनच्या पोटातच असायचं, २०१६ च्या आयफोन ७ मधून जॅक गेला, मग एकेक करत बाकीच्यांनीही काढला, आणि ते काम वायरच्या टोकावरच्या छोट्या प्लगमध्ये, म्हणजे डोंगलमध्ये, आलं.

जुन्या फोनबरोबर आलेलं टाइप-सी टू ३.५ कन्व्हर्टर नव्या सॅमसंगला लावलं तर काहीच होत नाही. दुकानदार म्हणतो पोर्ट गेलाय, बदलावा लागेल. — एक विद्यार्थी, नाशिक

थांबा, पोर्ट उघडू देऊ नका. चार्जिंग नीट होतंय ना, पेन ड्राइव्ह दिसतोय ना, मग पोर्ट ठणठणीत आहे. या कन्व्हर्टरच्या दोन जाती आहेत आणि बाहेरून दोन्ही अगदी सारख्या दिसतात. एकात नुसत्या तारा असतात, म्हणजे फोनच स्वतःच्या डॅकमधून तयार आवाज टाइप-सी मधून बाहेर सोडतो आणि कन्व्हर्टर तो फक्त पुढे नेतो. दुसऱ्यात त्या इवल्याशा प्लगच्या आत खरोखरची डॅक चिप असते. जुने काही शाओमी, मोटोरोला पहिल्या प्रकारावर चालायचे. सॅमसंगच्या वरच्या फोनना २०१९ च्या नोट १० पासून चिपवालंच लागतं.

ओळखायचं कसं, तर कन्व्हर्टर लॅपटॉपच्या टाइप-सी मध्ये लावा आणि साउंडच्या सेटिंगमध्ये बघा, नवं ऑडिओ डिव्हाइस दिसलं तर आत चिप आहे, नाही दिसलं तर नुसती वायर. वनप्लस, ओप्पो, रिअलमी वाल्यांनी आणखी एक बघायचं, त्यांच्या बऱ्याच फोनमध्ये ओटीजी (फोनला बाहेरचं यूएसबी उपकरण जोडायची सोय) सेटिंगमधून हाताने चालू करावं लागतं आणि काही वेळ वापरलं नाही की ते आपोआप बंद होतं, लोक डोंगल खराब म्हणून परत करतात आणि दोष असतो त्या एका बटणाचा.

बायरडायनॅमिकचा डीटी ९९० प्रो, २५० ओहम घेतलाय. अ‍ॅपलचं टाइप-सी डोंगल अँड्रॉइड फोनला लावलं तर पॉप गाणी ठीक वाजतात पण शास्त्रीय ऐकताना व्हॉल्यूम पूर्ण करूनही कमी पडतो. पोर्टेबल अ‍ॅम्प घ्यावाच लागेल का? चिप कुठली बघू, ईएसएस, सिरस लॉजिक की एकेएम? — एक वाचक, डोंबिवली

याचं उत्तर लांबलचक देणार आहे कारण सगळा विषय यातच आहे, आणि थोडं गणित करूया, ते एकदा जमलं की कुणाच्या सल्ल्याची गरज उरत नाही.

कंपनीच्या कागदावर तुमच्या हेडफोनची सेन्सिटिव्हिटी, म्हणजे ठरावीक पॉवरला तो किती जोरात वाजतो ते, ९६ डेसिबल आहे, एक मिलिवॅटला. पॉवर म्हणजे व्होल्टेजचा वर्ग भागिले ओहम (ओहम म्हणजे हेडफोन विजेला किती अडवतो त्याचं माप). एक व्होल्ट दिला तर २५० ओहममध्ये ४ मिलिवॅट जातात आणि आवाज होतो १०२ डेसिबल. दोन व्होल्टला १६ मिलिवॅट, म्हणजे १०८. व्होल्टेज दुप्पट की ६ डेसिबल वाढतात, बस एवढं लक्षात ठेवा.

आता अ‍ॅपलचं ते डोंगल. आयफोन किंवा मॅकवर ते जवळजवळ एक व्होल्ट देतं (युरोपात विकतात त्याचं त्याहून कमी, साधारण निम्मं). पण बऱ्याच अँड्रॉइड फोनवर त्याच्या आतला हार्डवेअर व्हॉल्यूम पूर्ण वर जातच नाही, फोन फक्त स्वतःचा सॉफ्टवेअर व्हॉल्यूम वाढवत राहतो आणि हातात येतो अर्धाच व्होल्ट. म्हणजे तुमच्याकडे १०२ च्या जागी ९६ च्या आसपासच मिळतंय.

९६ सुद्धा ऐकायला भरपूर आहे असं वाटेल, पण हा आकडा सगळ्यात जोरदार क्षणाचा आहे. पॉप गाणं मिक्स करतानाच दाबून सगळीकडे जोरात ठेवलेलं असतं, म्हणून ते तुम्हाला ठीक वाजतं. विलंबित ख्यालाची सुरुवात आठवा, मागे फक्त तानपुरा आणि गवई अगदी हळू षड्ज लावतोय, आणि अर्ध्या तासाने द्रुतमध्ये तबल्याची थाप येते. त्या थापेला जागा राहावी म्हणून रेकॉर्डिंग करणाऱ्याने सुरुवात खूप खाली ठेवलेली असते. ती सुरुवात नीट ऐकायची तर वरती मोकळी जागा लागते, आणि तीच तुमच्याकडे नाहीये.

मग काय करायचं. आधी यूएसबी ऑडिओ प्लेयर प्रो सारखं ॲप लावून बघा, ते डोंगलचा हार्डवेअर व्हॉल्यूम स्वतः उचलतं, ६ डेसिबल तिथेच परत मिळतात. मात्र हे फक्त त्या ॲपमधून वाजवलेल्या गाण्यांपुरतं. तेवढ्यावर भागलं नाही तर सरळ दोन व्होल्टच्या आसपास देणारा डोंगल घ्या, फिओ केए११ च्या वर्गातला, तीन हजारांच्या आसपास काम होतं. पंचवीस हजारांचा अ‍ॅम्प तुमच्या हेडफोनला नको, तो पैसा खरंच वाचवा.

४.४ मिलिमीटरच्या बॅलन्स्ड आउटपुटला (डाव्या-उजव्या आवाजाला पूर्ण वेगळ्या तारा देणाऱ्या) भुलू नका. त्यात व्होल्टेज दुप्पट मिळतं हे खरं, पण डीटी ९९० प्रो ची गुंडाळीवाली केबल हेडफोनला कायमची जोडलेली आहे, सोल्डरिंग करून नवी वायर ओढल्याशिवाय ते शक्य नाही. आणि कृपा करून ४.४ च्या भोकात साधा ३.५ चा अ‍ॅडॅप्टर लावू नका, दोन्ही चॅनेलच्या उलट्या तारा एकत्र शॉर्ट होतात आणि अ‍ॅम्प जाऊ शकतो.

चिपचं म्हणाल तर ऑक्टोबर २०२० मध्ये जपानच्या नोबेओका इथल्या एकेएमच्या कारखान्याला मोठी आग लागली, चिपा मिळेनाशा झाल्या आणि कितीतरी कंपन्यांना आपली मॉडेलं ईएसएस किंवा सिरसवर न्यावी लागली. नव्या चिपेवरही चांगला डिझाइनर चांगलंच वाजवतो, आणि वाईट सर्किटात कुठलीही महागडी चिप वाईटच वाजते. खोक्यावर चिपेचं नाव शोधण्यापेक्षा तुमच्या ओहमला किती व्होल्ट मिळतात ते शोधा.

माझ्याकडे बालगंधर्वांच्या जुन्या रेकॉर्डवरून केलेल्या फाइल आहेत, शिवाय यूट्यूबवर बरंच ऐकतो. एका दुकानात २४ बिट १९२ किलोहर्ट्झचा डॅक घ्या, आवाज उजळेल असं सांगितलं. निवृत्त आहे, पैसे जपून खर्च करायचे आहेत. — एक वाचक, सांगली

काका, नका घेऊ. ते बिट आणि किलोहर्ट्झ म्हणजे आवाज किती बारकाईने नोंदवलाय याचं माप. आडात नाही ते पोहऱ्यात कुठून येणार? ७८ आरपीएमची तबकडी एका बाजूला तीन-साडेतीन मिनिटं वाजायची, १९२५ च्या आधी तर बहुतेक ध्वनिमुद्रण मायक्रोफोनशिवाय, मोठ्या कर्ण्यासमोर गाऊन व्हायचं, त्यात वरचा बारीक आवाज मुळात पकडलाच गेला नाही. सीडीचे १६ बिटच सगळ्यात हळू आणि सगळ्यात जोरदार आवाजातलं ९६ डेसिबलचं अंतर सांभाळतात, आणि तबकडीची खरखर त्यातल्या हळू टोकाच्या किती तरी वर असते. यूट्यूबचा आवाज आधीच दाबून लहान केलेला असतो. कुठलाही डॅक त्यात नसलेलं काही घालू शकत नाही.

तेच पैसे चांगल्या हेडफोनला घाला, ज्याचा मधला पट्टा म्हणजे माणसाच्या गळ्याचा भाग स्वच्छ आहे आणि बास फुगवलेला नाही. दुकानात स्वतःची फाइल घेऊन जा, आणि ऐकताना ऑर्गन आणि गळा वेगवेगळे कळतायत का एवढंच बघा. दोन हेडफोनची तुलना करताना दोघांचा आवाज सारखा ठेवायला सांगा, कारण जो थोडा जोरात वाजतो तो कानाला नेहमी चांगलाच वाटतो आणि विकणाऱ्याला हे पक्कं माहीत असतं.

आणखी एक, काळजीने सांगते. जागतिक आरोग्य संघटनेने मोठ्या माणसांसाठी आठवड्याला ४० तास ८० डेसिबल ही मर्यादा धरलीय, आवाज वाढला तर वेळ भराभर कमी होते. ऐकू कमी येतंय म्हणून अ‍ॅम्प घ्यायचा विचार असेल तर आधी कानाच्या डॉक्टरांना दाखवा.

ब्लूटूथ इअरबड्स वापरते, लोकलमध्ये रोजचा प्रवास. फोनला डॅक लावला तर बड्सचा आवाज सुधारेल का? — एक वाचक, विरार

नाही, अजिबात नाही. ब्लूटूथमध्ये फोन फक्त आकडे पाठवतो, डॅक आणि अ‍ॅम्प दोन्ही त्या बड्सच्या आतच असतात, फोनला काहीही लावलं तरी त्या वाटेवर ते येतच नाही. अँड्रॉइड असेल तर सेटिंगमध्ये कोडेक (पाठवण्यासाठी आवाज दाबून लहान करायची पद्धत) बघा, बड्सना चालत असेल तर एलडॅक हे कोडेक निवडा, ते ९९० केबीपीएस पर्यंत जातं, पण विरार फास्टच्या गर्दीत तुटक वाजायला लागलं तर खालचा दर ठेवा. आयफोन एसबीसी आणि एएसीच देतो, तिथे निवडायला काही नाही. तुमच्या प्रवासात रुळांचा खडखडाट इतका असतो की कानात घट्ट बसणारी टिप हीच सगळ्यात मोठी सुधारणा, योग्य मापाची मिळेपर्यंत बदलून बघा, आवाज कमी ठेवूनही शब्द कळतील.

आयईएमला (कानाच्या आत बसणाऱ्या इअरफोनला) डोंगलमधून सतत ‘स्स्स’ असा आवाज येतो, गाणं थांबलं की जास्तच. — एक वाचक, पुणे

आयईएम फार सेन्सिटिव्ह असतात, अर्ध्या व्होल्टलाही त्यांना जास्तच होतं, त्यामुळे तगड्या अ‍ॅम्पचा स्वतःचा सूक्ष्म आवाजही त्यांना ऐकू येतो. डोंगलला गेनचं (सिग्नल किती वाढवायचा ते ठरवणारं) बटण असेल तर लो वर टाका. नसेल तर छोटा, कमी ताकदीचा डोंगल घ्या, इथे कमी ताकद हाच गुण आहे. तुमच्या आयईएममध्ये तीन-चार बॅलन्स्ड आर्मेचर ड्रायव्हर (आवाज काढणारे इवलेसे भाग) असतील तर डोंगलचा आउटपुट इम्पिडन्स, म्हणजे त्याचा स्वतःचा विजेला होणारा अडथळा, एक ओहमच्या आसपास किंवा खाली आहे का तेही बघा, तो जास्त असला की आयईएमचा सूरच बदलतो, बास पातळ होतो किंवा वरचा आवाज टोचतो.

डोंगल लावून ऑनलाइन क्लास घ्यायचाय, माइक चालेल ना? आणि चार्जिंग? — एक शिक्षिका, लातूर

गाण्यांसाठी बनवलेल्या बऱ्याच डोंगलमध्ये माइकची सोय नसते, विकत घ्यायच्या आधी हेडसेट माइक चालतो असं स्पष्ट लिहिलंय का ते बघा, अ‍ॅपलच्या साध्या डोंगलवर माइक चालतो. क्लास तासाभराच्या वर असेल तर चार्जिंगची वेगळी वाट असलेला घ्या, पण चार्जर लावल्यावर गुणगुण ऐकू आली तर तो चार्जर बदलून बघा, दोष बहुतेक वेळा तिथेच सापडतो.