जुन्या वळणाची कागदी सजावट : वाचकांचे प्रश्न आणि उत्तरे

कागद, कापड, लेस, बटणे, पितळी बारीकसारीक वस्तू असे निरनिराळे साहित्य एकत्र करून घरच्या घरी जुन्या धाटणीची सजावट कशी करावी, याविषयी वाचकांची अनेक पत्रे आली आहेत. त्यांपैकी काही प्रश्नांची उत्तरे या अंकात देत आहे.

प्रश्न : आईच्या पंचाहत्तरीसाठी भिंतीवर लावायची एक चौकट करायची आहे. आजीच्या ट्रंकेत जुनी पत्रे, लग्नपत्रिका आणि काळे-पांढरे फोटो सापडले आहेत. ते कापताना आणि चिकटवताना कोणती काळजी घ्यावी? — एक वाचक, गिरगाव

उत्तर : मूळ कागद मुळीच कापू नयेत, असे मी आग्रहाने सांगेन. त्या काळातला स्वस्त कागद बहुधा लाकडाच्या लगद्याचा असतो. त्यातल्या लिग्निनवर, म्हणजे लाकडातल्या एका नैसर्गिक घटकावर, उजेडाचा आणि हवेचा परिणाम होऊन तो पिवळा पडत जातो, आणि शाई पसरू नये म्हणून कागद बनवताना वापरलेल्या तुरटीमुळे त्यात आम्लता वाढून तो घडीवर तुटू लागतो. असा कागद ओल्या गोंदाने चिकटवून वर्षानुवर्षे भिंतीवरच्या उजेडात ठेवला, तर त्याचे उरलेसुरले आयुष्यही झपाट्याने कमी होते. जुन्या फोटोंवर जिलेटिनचा थर असतो आणि तो ओलाव्याने फुगतो. म्हणून ट्रंकेतल्या प्रत्येक वस्तूची प्रत काढून घ्यावी, सजावट प्रतींची करावी आणि मूळ कागद पुन्हा ट्रंकेत ठेवावेत. पत्रांपैकी काही मोडी लिपीत असतील, तर ती मोडी वाचणाऱ्या जाणकाराला आधी अवश्य दाखवावीत. घराण्याच्या, गावाच्या किंवा जमिनीच्या इतिहासातले काहीतरी त्यांत निघण्याची शक्यता असते.

प्रत काढताना ३०० डीपीआयवर (म्हणजे एका इंचात ३०० ठिपके) स्कॅन करावे, आणि फोटो मोठा करायचा असेल तर ६०० डीपीआयवर. पत्र काळ्या शाईतले असले तरी प्रत रंगीतच काढावी, कारण विटलेल्या शाईची निळसर-तपकिरी छटा आणि कागदाचा बदललेला रंग यांतच त्याचे जुनेपण असते. छपाई लेझर प्रिंटरवर किंवा झेरॉक्स यंत्रावर करून घ्यावी. लेझरची शाई म्हणजे उष्णतेने वितळून कागदावर बसलेली प्लॅस्टिकची पूड असते, त्यामुळे ती पाण्याने पसरत नाही; घरगुती इंकजेट प्रिंटरची शाई मात्र बहुधा गोंदाच्या ओलाव्यानेही फुटते. कागद चकचकीत नसावा. किंचित पिवळसर रंगाचा, १०० ते १२० जीएसएमचा (म्हणजे दर चौरस मीटरला तेवढे ग्रॅम वजनाचा) कागद चांगला, आणि यंत्राला चालत असेल तर कापसाच्या चिंध्यांपासून केलेला हातकागद त्याहून चांगला.

चौकटीसाठी दोन मिलिमीटर जाडीचा पुठ्ठा घ्यावा. त्याच्या एकाच बाजूला कागद चिकटवला, तर वाळताना तो कागद ओढ घेतो आणि पुठ्ठा वाकतो. म्हणून मागच्या बाजूलाही तेवढ्याच आकाराचा कागद लगोलग चिकटवावा आणि दोन्ही बाजूंनी कोरडे कागद ठेवून रात्रभर वजनाखाली दाबावे. बाइंडर मंडळी हे नेहमी करतात. घरी करणारे बहुतेक जण हीच पायरी गाळतात.

पुढचे काम थरांचे आहे. तळाशी पत्रांच्या प्रती, तुकडे एकमेकांवर किंचित चढवून, अक्षरे थोडी तिरपी राहतील अशा बेताने लावाव्यात. त्यावर लग्नपत्रिकेच्या प्रतीतली कापून घेतलेली वेलबुट्टी, त्यावर कापड किंवा लेस आणि सर्वांत वर फोटो. आजीची एखादी जीर्ण नऊवारी घरात असेल, तर तिच्या काठाचा तुकडा प्रत्यक्ष वापरायला हरकत नाही. चित्राला कापडाने सजवणे ही आपल्याकडची जुनी रीत आहे. राजा रविवर्मा यांनी १८९४ साली मुंबईत छापखाना सुरू केल्यावर त्यांची चित्रे ओलिओग्राफच्या, म्हणजे तैलचित्रासारख्या दिसणाऱ्या रंगीत छापील प्रतींच्या, रूपाने घरोघरी पोचली, आणि पुष्कळ घरांत त्या चित्रांतल्या देवतांना खऱ्या कापडाच्या साड्या नेसवून, त्यांवर जर, टिकल्या आणि मणी बसवून ती भिंतीवर लावली गेली. अशी सजवलेली चित्रे आजही संग्रहांमध्ये पाहायला मिळतात. ज्याला आज मिक्स्ड मीडिया म्हटले जाते, ते काम त्या घरांमध्ये अत्यंत निगुतीने होत असे, आणि तुम्ही करणार आहात ते त्याच परंपरेतले आहे.

शेवटची सूचना मोकळ्या जागेविषयी. फोटोतल्या चेहऱ्याभोवती किमान दोन बोटे जागा मोकळी सोडावी. तिथे लेस, फूल, मणी काहीही नको. फोटो चारही बाजूंनी चिकटवण्याऐवजी काळ्या कागदाच्या त्रिकोणी कोपऱ्यांत बसवावा, जसा तो जुन्या अल्बममध्ये असतो.

प्रश्न : जुन्या पद्धतीच्या सजावटीसाठी छापील कागदांचे तयार संच मिळतात, पण त्यांवर युरोपातले गुलाब, परीसारख्या मुली, पॅरिसचा मनोरा असेच असते. माझ्या घराशी त्याचे नाते लागत नाही. आपल्याकडचे काय वापरता येईल? — एक वाचक, विलेपार्ले

उत्तर : हा प्रश्न वाचून मला फार आनंद झाला. मुंबईइतकी छापील कागदाची श्रीमंती फार थोड्या शहरांकडे असेल. येथे पहिली कापड गिरणी १८५६ साली चालू झाली आणि पुढे गिरण्या वाढत गेल्या, तसतशी कापडाच्या ताग्यांवर चिकटवायची रंगीत लेबलेही वाढली. देवदेवता, हत्ती, वाघ, राजेरजवाडे, आगगाड्या अशी चित्रे असलेली ही लेबले इंग्लंडहून येणाऱ्या कापडावरही असत, कारण वाचता न येणारे गिऱ्हाईक चित्रावरून माल ओळखत असे. सोनेरी किनार आणि भडक, तरीही खोल रंग हे त्यांचे वैशिष्ट्य. काडेपेट्यांची लेबले त्यांचीच धाकटी भावंडे आहेत, आणि लहान शुभेच्छापत्रांवर ती फारच शोभतात.

त्याखेरीज पंचांगाची पाने, जुन्या बिलांवरची मोठ्या अक्षरांतली दुकानांची नावे, शाळेचे दाखले, पोस्टाची शिक्के मारलेली पाकिटे, १९६४ साली बंद झालेल्या ट्रामची चित्रे, चाळीचे लाकडी कठडे, दारावरच्या अर्धवर्तुळाकार तावदानांतल्या रंगीत काचा आणि जुन्या घरांतल्या नक्षीदार सिमेंटच्या फरशा हे सारे वापरता येईल. फरशीची नक्षी तर कागदासाठीच जन्मली असावी इतकी सोयीची असते. एका फरशीचा सरळ वरून फोटो काढावा, तो चौकोनात कापावा, आणि त्याच्या सोळा प्रती शेजारी शेजारी छापल्या की पार्श्वभूमीचा सुंदर कागद घरीच तयार होतो.

रंगांच्या बाबतीत पिस्ता, गेरू, हळदी, मोरपिशी आणि काजळी हे पाच रंग पुरेसे आहेत. सगळ्यावर तपकिरी छटा मारली म्हणजे वस्तू जुनी दिसते, हा समज खरा नाही. जुन्या मुंबईच्या छपाईत रंग ठसठशीत होते.

चित्रांच्या हक्काविषयी थोडक्यात सांगते. भारतीय कायद्यानुसार चित्रकाराच्या मृत्यूनंतर ६० वर्षे हक्क अबाधित राहतो. रविवर्मा १९०६ साली वारले, त्यामुळे त्यांची चित्रे सर्वांना खुली आहेत. अलीकडच्या चित्रकारांची चित्रे छापून सजावटी विकायच्या असतील, तर मात्र परवानगी घेतली पाहिजे.

प्रश्न : चहाच्या पाण्यात बुडवून कागद जुना केला, पण तो चिकट झाला, वाकडा झाला आणि पंधरा दिवसांत त्यावर बुरशी आली. काय चुकले असेल? — एक वाचक, मुलुंड

उत्तर : चिकटपणावरून पाण्यात साखर होती, असे दिसते. उरलेला चहा वापरू नये. अर्धा लिटर पाण्यात चार-पाच चमचे चहापूड उकळून, गाळून, पूर्ण थंड करून घ्यावी. दूध नको, साखर नको. कागद बुडवण्याऐवजी रुंद ब्रशने एकच हात द्यावा. खरा जुना कागद कडांकडून आत पिवळा होत जातो, कारण हवा आणि उजेड कडांना आधी भिडतात, म्हणून दुसरा हात केवळ कडांना आणि घडीच्या रेषेवर स्पंजाने द्यावा.

वाकडेपणाचे कारण कागदाच्या तंतूंच्या दिशेत आहे. यंत्रावर केलेल्या कागदात बहुतेक तंतू एकाच दिशेने बसलेले असतात आणि ओले झाल्यावर ते लांबीत फारसे वाढत नाहीत, जाडीत फुगतात. त्यामुळे कागद एकाच दिशेने गुंडाळी घेतो. कागद हलक्या हाताने दोन्ही बाजूंनी वाकवून पाहावा. तो सहज वाकतो तेव्हा वाकाची जी रेषा पडते, ती तंतूंची दिशा समजावी. कागदी फुलांचे, चक्रांचे आणि पंख्यांचे चुणीकाम करताना घडी याच दिशेने घातली, तर ती स्वच्छ बसते आणि फाटत नाही. पाच सेंटिमीटर रुंद आणि साठ सेंटिमीटर लांब पट्टीला एकेक सेंटिमीटरच्या चुण्या घालून दोन्ही टोके जोडली की चांगले भरगच्च चक्र होते.

बुरशी मुंबईच्या पावसाळ्यातली आहे. जुलै-ऑगस्टमध्ये हवाच इतकी दमट असते की वरून सुका वाटणारा कागद आतून ओला राहतो, आणि त्यावर वार्निश लावले तर ओलावा आत कोंडला जातो. रंगवलेला कागद सुती कापडावर पंख्याखाली दोन दिवस वाळवावा, नंतर दोन कापडांमध्ये ठेवून कोमट इस्त्री फिरवावी. लेझरची छपाई असेल तर इस्त्री मागच्या बाजूने करावी, नाहीतर उष्णतेने शाई मऊ होऊन कापडाला लागते. शक्य असेल तर हे काम मे महिन्यातच उरकून कागद तयार ठेवावेत. चहातही आम्ल असते, त्यामुळे असा कागद पिढ्यान् पिढ्या टिकावा अशी अपेक्षा ठेवू नये. जी वस्तू दीर्घकाळ जपायची आहे, तिच्यासाठी मुळातच पिवळसर असलेला हातकागद घ्यावा.

प्रश्न : गणपतीसाठी जुन्या वाड्याच्या देवघरासारखे मखर कागद आणि पुठ्ठ्याचे करता येईल का? — एक वाचक, लालबाग

उत्तर : जरूर करता येईल. २०१८ साली महाराष्ट्रात सजावटीच्या थर्माकोलवर बंदी आल्यापासून पुठ्ठ्याच्या कामाला पुन्हा मान मिळू लागला आहे. मोठ्या खोक्यांचा नळीदार पुठ्ठा घ्यावा. खांबांसाठी त्यातल्या नळ्या उभ्या राहतील असा तुकडा कापावा, म्हणजे तो वजन पेलतो आणि नळ्यांच्या रेषेवर वळवून गोलही होतो. महिरपीसाठी दोन तुकडे असे चिकटवावेत की एकाच्या नळ्या उभ्या आणि दुसऱ्याच्या आडव्या येतील. महिरपीचा नमुना आधी वर्तमानपत्र मधोमध दुमडून कापून घ्यावा, कारण दोन्ही बाजू नजरेने सारख्या काढणे अवघड असते. कापलेल्या कडांवर कागदाच्या बारीक पट्ट्या गोंदात भिजवून लावल्या की पुठ्ठ्याच्या नळ्या झाकल्या जातात आणि कडा लाकडासारखी भरीव दिसते.

जुन्या रंगाला पडतात तशा भेगा आणण्यासाठी पुठ्ठ्यावर आधी गडद तपकिरी ॲक्रिलिक रंग द्यावा. तो वाळल्यावर पांढऱ्या गोंदाचा जाडसर हात द्यावा, आणि गोंद बोटाला चिकट लागत असताना, पूर्ण वाळण्यापूर्वी, त्यावर पिस्ता रंगाचा एकच सलग हात फिरवावा. ब्रश पुन्हा त्याच जागी नेऊ नये. वरचा रंग वाळताना खालच्या ओल्या गोंदावर ताणला जाऊन फाटतो आणि तपकिरी रंग भेगांतून दिसू लागतो. गोंद जितका जाड, तितक्या भेगा रुंद. आधी एका तुकड्यावर करून पाहावे.

महिरपीच्या माथ्यावर जुन्या साडीची जर, खांबांच्या बैठकीवर पितळी बटणे किंवा लहान घुंगरू एवढेच पुरे. ताजे हार थेट कागदावर टेकू देऊ नयेत. मागे बटर पेपर लावावा. समई, निरांजन आणि उदबत्ती मखरापासून किमान हातभर लांब, पंख्याच्या झोतात ज्योत मखराकडे वळणार नाही अशा जागी ठेवावी. आत दिवे हवे असतील तर ते एलईडीचेच असावेत.

प्रश्न : गोंद नेमका कोणता वापरावा? — एक वाचक, कल्याण

उत्तर : पुठ्ठा, जाड कागद आणि कापडासाठी फेव्हिकॉलसारखा पांढरा गोंद; तीन भाग गोंदात एक भाग पाणी. गोंद लावल्यावर कागद मिनिटभर तसाच ठेवून त्याला हवे तेवढे फुगू द्यावे आणि मग चिकटवावा, म्हणजे सुरकुत्या येत नाहीत. पतंगी कागद आणि बटर पेपर ओल्या गोंदाने हमखास चुरगळतात. त्यांना दोन्ही बाजूंनी चिकटणारी टेप लावावी. पितळ आणि काच पांढऱ्या गोंदाने नीट धरत नाहीत. पुठ्ठ्याला आरीने (टोच्याने) भोके पाडून त्या वस्तू दोऱ्याने शिवाव्यात. टाका दिसला तरी तो शोभतो. मैद्याची खळ स्वस्त आणि सुरेख असते, पण झुरळे आणि कसर तिला लगेच लागतात. किडीसाठी खळीत मोरचूद घालण्याची जुनी पद्धत आहे. ते विषारी असते, म्हणून मुले हाताळणार असतील त्या कामात ते कधीही घालू नये.

प्रश्न : साहित्य मुंबईत कुठे मिळेल? — एक वाचक, बोरिवली

उत्तर : कागद, पुठ्ठा आणि हस्तकलेचे साहित्य क्रॉफर्ड मार्केटजवळच्या अब्दुल रहमान स्ट्रीटवर, लेस आणि बटणे भुलेश्वरला. जुनी पोस्टकार्डे, फोटो, चित्रपटांची लॉबी कार्डे (चित्रपटगृहाच्या दर्शनी भागात लावली जाणारी छापील दृश्ये) आणि पितळी वस्तू चोर बाजारात मटण स्ट्रीटवर पाहाव्यात, पण तेथेही आधी भाव काढून, मागची बाजू तपासून घ्यावी; अलीकडे केलेल्या प्रतीही जुन्या म्हणून विकल्या जातात. सजावटीसाठी प्रतच हवी असेल तर ती प्रत म्हणून, तिच्या भावाने घ्यावी.

प्रश्न : सण झाल्यावर ही सजावट पुढच्या वर्षापर्यंत कशी ठेवावी? — एक वाचक, दादर

उत्तर : आधी एक दिवस पंख्याखाली ठेवून मऊ ब्रशने धूळ आणि गुलाल झटकावा. चक्रे आणि फुले एकावर एक रचू नयेत. खोक्यात पुठ्ठ्याचे कप्पे करून उभी ठेवावीत. प्रत्येक वस्तू पातळ पांढऱ्या कागदात गुंडाळावी, वर्तमानपत्रात नको, कारण त्याची शाई आणि आम्ल दोन्ही लागतात. खोक्यात ओलावा शोषणाऱ्या सिलिका जेलच्या पुड्या ठेवाव्यात. डांबरगोळ्या ठेवायच्या असतील तर त्या कागदाला किंवा जरीला टेकू देऊ नयेत. पोटमाळ्यावर छताच्या गळतीची आणि न्हाणीघराच्या भिंतीला लागून ओल येण्याची भीती असते, त्यामुळे खोके आतल्या खोलीत, कपाटाच्या वरच्या फळीवर ठेवावे आणि पावसाळा संपल्यावर, ऑक्टोबरच्या उन्हाच्या दिवसांत, एकदा उघडून सावलीत हवा द्यावी.