नव्या पिढीला जुने नट आणि जुने सिनेमे माहीत नसतात. दाखवायचे तर सुरुवात कुठून करावी?

तुमचा प्रश्न असा: वीस-बावीस वर्षांच्या मुलांना चार्ली चॅप्लिन सोडला तर एकही जुना चेहरा ओळखता येत नाही, कृष्णधवल चित्र दिसलं की दहाव्या मिनिटाला हात फोनकडे जातो. यांची आवडच मेली आहे का, की दाखवण्यात काही चुकतंय?

दाखवण्यात चुकतंय. पण आधी एक वजाबाकी करू. २००४ साली जन्मलेल्या मुलासाठी १९५७चा 'प्यासा' म्हणजे त्याच्या जन्माआधी ४७ वर्षांचा सिनेमा. १९६० साली जन्मलेल्या माणसाला तेवढंच मागे न्या. तो पोचतो १९१३ला, म्हणजे 'राजा हरिश्चंद्र'पाशी. त्यातली तारामती कोणी केली होती, हे त्या माणसाला विशीत सांगता आलं असतं का? (अण्णा साळुंके यांनी. हो, पुरुषानं.) तेव्हा वहिदा रेहमान ओळखली नाही म्हणून मुलांवर डाफरण्यात अर्थ नाही.

आधीच्या पिढीची जुन्या नटांशी ओळख होती ती रसिकतेमुळे कमी आणि नाइलाजानं जास्त. घरात एक टीव्ही, त्यावर एक वाहिनी, ती जे लावेल ते सगळ्यांनी बघायचं. अशी नकळत शंभर वेळा नजरेखालून गेलेली तोंडं लक्षात राहतात. आज अ‍ॅपवर हवं ते मिळतं, पण ते शोधायला नाव टाइप करावं लागतं, आणि जे नाव माहीतच नाही ते टाइप कसं करणार? अ‍ॅप तर तुम्ही काल जे पाहिलं त्याच्यासारखंच आज पुढे करतं. त्यामुळे जुना सिनेमा उपलब्ध असूनही वाटेत आडवा येत नाही. शिवाय बरंच काही उरलेलंच नाही. 'आलम आरा' (१९३१) या पहिल्या भारतीय बोलपटाची एकही प्रत आज नाही. तिकडे थीडा बारा ही मूकपटांची एवढी मोठी तारका, पण १९३७ साली फॉक्स या स्टुडिओच्या गोदामाला लागलेल्या आगीत तिचे बहुतेक सिनेमे गेले. तेव्हाची नायट्रेटची फिल्म फार ज्वलनशील असते, पेटली की पाण्यानंही विझत नाही.

आता मुद्द्याचं. मुलं ज्याला 'बोअर' म्हणतात त्यातला मोठा वाटा सिनेमाचा नसतो, खराब प्रतीचा आणि टीव्हीच्या चुकीच्या सेटिंगचा असतो. म्हणून कोणता सिनेमा दाखवायचा हे ठरवण्याआधी या गोष्टी तपासा.

पहिली, चौकट. १९५०च्या दशकाच्या सुरुवातीपर्यंतच्या बहुतेक बोलपटांची चौकट (रुंदी : उंची) १.३७ : १ होती, म्हणजे जवळजवळ चौकोनी. आजचा टीव्ही १.७८ : १. जुनं चित्र नीट बसवलं तर पडद्याची साधारण ७७ टक्के रुंदी भरते आणि दोन्ही बाजूंना काळ्या पट्ट्या राहतात. त्या राहायलाच हव्यात. पण कोणीतरी 'स्क्रीन भरत नाही' म्हणून रिमोटवरचं बटण दाबतं आणि दोनपैकी एक घोटाळा होतो. चित्र आडवं ताणलं तर सगळी माणसं बुटकी आणि गालफुगी दिसतात. झूम केलं तर उंचीतला जवळपास २३ टक्के भाग, म्हणजे कपाळ आणि हात, कापला जातो. ओळखायची खूण सोपी आहे. घड्याळ, चाक, ताट असं काहीतरी गोल दिसेपर्यंत थांबा. ते लंबगोल असेल तर चित्र ताणलेलं आहे. श्रेयनामावलीतली अक्षरं वर-खाली कापलेली असतील तर झूम आहे. सेटिंगमध्ये 'ओरिजिनल' किंवा '४ : ३' निवडा. यूट्यूबवर मात्र पुष्कळदा अपलोड करणाऱ्यानंच ताणून ठेवलेलं असतं. तिथे तुमच्या हातात काही नाही, दुसरी प्रत शोधायची.

दुसरी गोष्ट, मोशन स्मूदिंग. सिनेमा सेकंदाला २४ चौकटींचा, म्हणजे २४ स्थिर चित्रांचा असतो. नवे टीव्ही मधल्या चौकटी स्वतःच तयार करून घुसवतात, हालचाल गुळगुळीत होते आणि अभिजात सिनेमा दुपारच्या मालिकेसारखा दिसायला लागतो. प्रत्येक कंपनीनं या सोयीला वेगळं नाव दिलेलं असतं. चित्राच्या सेटिंगमध्ये 'मोशन' शब्द असलेलं जे असेल ते बंद करा. 'फिल्ममेकर मोड' असेल तर तो लावला की हे काम आपोआप होतं.

तिसरी, मूकपटांचा वेग. जुन्या सिनेमात माणसं तुरुतुरु पळतात असा समज आहे, तो पडला याच कारणानं. मूकपटांचा कॅमेरा हातानं फिरवत, वेग सेकंदाला १६ ते २२ चौकटींच्या आसपास. तीच फिल्म २४च्या वेगानं चालवली की १६चं चित्रण दीडपट वेगात धावतं आणि ९० मिनिटांचा सिनेमा ६० मिनिटांत संपतो. चालणारा माणूस माणसासारखा चालत नसेल तर ती प्रत सोडून द्या.

चौथी, कापाकापी. भारतीय सिनेमाच्या सुरुवातीला सेन्सॉरचं प्रमाणपत्र दिसतं. तिथे चित्र थांबवा आणि लांबी वाचा. ३५ मिलिमीटरची फिल्म मिनिटाला ९० फूट, म्हणजे सुमारे २७.४ मीटर धावते. लांबी ४,००० मीटर असेल तर सिनेमा १४६ मिनिटांचा. समोरची प्रत १२० मिनिटांची असेल तर २६ मिनिटं कुणाच्या तरी कात्रीखाली गेली, आणि बहुधा गाणी आणि विनोदी प्रसंग आधी गेले. एक अपवाद लक्षात ठेवा. जुन्या डीव्हीडींवर बऱ्याचदा २४ऐवजी २५ चौकटींच्या वेगानं सिनेमा उतरवलेला असतो, तिथे ४ टक्के वेळ आपोआप कमी होतो, १५० मिनिटांचे १४४ होतात आणि आवाज किंचित चढा लागतो. ती कापाकापी नव्हे.

आवाजाबद्दल थोडक्यात: सराउंड बंद, बास वाढवणारा मोड बंद, संवाद स्पष्ट करणारा मोड असेल तर चालू. जुनी ध्वनिपट्टी मोनो, म्हणजे एकपदरी असते, तिला घुमवलं की संवाद कळेनासे होतात. आणि सबटायटल लावायला लाजू नका. १९४०च्या दशकातलं नाटकी मराठी किंवा १९५०च्या दशकातलं उर्दूमिश्रित हिंदी मुलांच्या कानाला परकं आहे, न कळणारा संवाद ती 'संथ' म्हणून मोजतात. खोलीतले दिवे मात्र मालवा. कृष्णधवल चित्राची सगळी मजा करड्या छटांत असते, उजेडात त्या धुपून जातात.

आता निवड. इथे वडीलधाऱ्यांची हमखास चूक म्हणजे थेट सर्वश्रेष्ठ सिनेमा लावणं. 'कागज के फूल' माझाही आवडता आहे, पण तो पहिला सिनेमा नव्हे. बहुधा पाचवाही नव्हे. पहिल्यासाठी तीन कसोट्या लावा: शंभर मिनिटांच्या आत, कथेला एकच धागा, आणि पहिल्या दहा मिनिटांत काय पणाला लागलंय ते कळलं पाहिजे. '१२ अँग्री मेन' (१९५७) ९६ मिनिटांचा, जवळजवळ सगळा एका खोलीत. जपानी दिग्दर्शक कुरोसावाचा 'राशोमोन' (१९५०) ८८ मिनिटांचा, एकच घटना चार तोंडांनी चार प्रकारे. पण हा जरा विचार करणाऱ्या पोरासाठी. गाण्यांचा कंटाळा असणाऱ्याला बी. आर. चोप्रांचा 'कानून' (१९६०) द्या. त्यात गाणंच नाही. लांबीला तो शंभर मिनिटांपुढे जातो, पण कोर्टातला खटला बघणाऱ्याला उठू देत नाही.

सगळ्यात खात्रीचा माणूस मात्र मूकपटांतला विनोदी नट बस्टर कीटन. 'शेरलॉक ज्युनियर' (१९२४) अवघा ४५ मिनिटांचा आहे. सिनेमाचं यंत्र चालवणारा मुलगा झोपतो आणि स्वप्नात उठून पडद्यावरच्या सिनेमात शिरतो. पुढे पाण्याच्या टाकीचा एक प्रसंग आहे, त्यात कीटनच्या मानेचं हाड मोडलं आणि ते त्याला कित्येक वर्षांनी तपासणीत कळलं. किंवा 'स्टीमबोट बिल ज्युनियर'मधलं (१९२८) वादळ दाखवा. घराची अख्खी दर्शनी भिंत त्याच्या अंगावर कोसळते, तो हलत नाही, आणि वरच्या मजल्याची उघडी खिडकी बरोबर त्याच्याभोवतून खाली येते. दाखवण्याआधी एकच वाक्य बोला: भिंत खरी आहे, माणूसही खरा आहे, आणि तो वीतभर इकडे-तिकडे उभा असता तर गेला असता. कॉम्प्युटरवरच्या करामतींना सरावलेली मुलंसुद्धा तो प्रसंग मागे नेऊन पुन्हा बघतात.

दुसरी वाट अशी की मुलाच्या आवडीच्या सिनेमापासून निघून मागे मागे जायचं. 'अशी ही बनवाबनवी' (१९८८) तर मीम्समुळे पाठ असतो. तिथून हृषीकेश मुखर्जींच्या 'बीवी और मकान'कडे (१९६६) जा, तिथेही भाड्याच्या खोलीपायी बायकांचा वेष. मग बिली वाइल्डरचा 'सम लाइक इट हॉट' (१९५९), त्यात मर्लिन मन्रो आपसूक भेटते. 'शोले'वरून (१९७५) मागे गेलात की 'द मॅग्निफिसंट सेव्हन' (१९६०) आणि त्याचं मूळ 'सेव्हन समुराई' (१९५४). तो २०७ मिनिटांचा आहे, दोन दिवसांत वाटून बघा, काही बिघडत नाही. 'देवदास' २००२चा पाहिलेल्याला १९५५चा दाखवा, मग जमलं तर सैगलचा. बिमल रॉय १९५५च्या 'देवदास'चे दिग्दर्शक, आणि सैगलच्या 'देवदास'चे कॅमेरामन तेच होते. अशी एक कडी सापडली की पुढच्या कड्या मुलं स्वतः शोधतात. 'देवदास'सारखी कथा आधीच ओळखीची नसेल तर एका उडीत पन्नास वर्षं मागे नेऊ नका, दहा-वीस वर्षांच्या पायऱ्या ठेवा.

१९४०च्या आधीचा सिनेमा दाखवताना एक गोष्ट आधी सांगून ठेवा, नाहीतर मुलं हसतात. पार्श्वगायन रुळायच्या आधी नटाला कॅमेऱ्यासमोर खरोखर गावं लागे. त्यामुळे नट निवडताना आधी गळा बघत, बहुतेक जण रंगभूमीवरून आलेले, आणि शेवटच्या रांगेपर्यंत पोचवायची सवय अंगात. 'संत तुकाराम'मध्ये (१९३६) विष्णुपंत पागनीस स्वतः गातात. हे कळलं की तो संथपणा वेगळा दिसायला लागतो. आणि सगळंच संथ आहे असंही नाही. 'कुंकू'मध्ये (१९३७) पार्श्वसंगीत नाही, जे ऐकू येतं ते त्या प्रसंगातलंच. म्हाताऱ्या बिजवराशी लग्न लावून दिलेली मुलगी हा संसार साफ नाकारते, आणि शांता आपट्यांनी ती ज्या ताठ मानेनं केली आहे, ते बघून आजच्या मुली सावरून बसतात. उलट काही सिनेमांत नायक नायिकेच्या थोबाडीत देतो आणि ती सुधारते. अशा वेळी मुलांनी नाक मुरडलं तर सिनेमाची वकिली करू नका. त्यांचं बरोबर आहे.

बघताना न करायच्या गोष्टी: मध्ये मध्ये माहिती देणं, 'आता बघ हं' म्हणणं, 'आमच्या वेळी'नं सुरू होणारं कुठलंही वाक्य, आणि शेवटी परीक्षा घेणं. सुरुवातीची लांबलचक श्रेयनामावली पुढे ढकलू नका. तेव्हा सगळी नावं आधीच देत, दोन मिनिटांचा प्रश्न असतो.

राहिली नटांची ओळख. दहा नटांचा एकेक सिनेमा दाखवून एकही लक्षात राहत नाही. एका नटाचे तीन दाखवा, एकमेकांपासून लांबचे. बलराज साहनींचा 'दो बिघा जमीन' (१९५३), मग 'काबुलीवाला' (१९६१), मग १९७०च्या दशकाच्या सुरुवातीचा 'गर्म हवा'. तोच माणूस रिक्षा ओढतो, मग सुका मेवा विकतो, मग आग्र्यात बुटांचा कारखाना चालवतो, आणि वीस वर्षांत चेहऱ्यावर वय चढतं. निळू फुल्यांचं तसंच: 'सामना' आणि 'सिंहासन' पाठोपाठ लावा. पहिला सिनेमा संपल्यावर नाव विचारू नका, त्यातलं कोण लक्षात राहिलं ते विचारा. उत्तर पुष्कळदा नायकाचं नसतं, ललिता पवार किंवा जॉनी वॉकर निघतात. मग पुढचा सिनेमा त्यांचा लावा.

नाव कळल्यावर शोधताना एक अडचण येते: एकाच नावाची दोन माणसं. मूकपटांच्या काळातली सुलोचना म्हणजे रुबी मायर्स, आणि मराठी-हिंदीतली सोज्वळ आई म्हणजे सुलोचना लाटकर. नुसतं 'सुलोचना' टाकलंत तर दोघींचे सिनेमे एकत्र येतात. नावाबरोबर साल टाका किंवा दिग्दर्शकाचं नाव जोडा. रोमन अक्षरांत शोधत असाल तर दोन-तीन स्पेलिंगं करून बघा. जुन्या सिनेमांची नावं ज्यानं त्यानं आपल्याला सुचतील तशी लिहिलेली असतात.